भिंतीचा सिनेमा, बर्फाचा सिनेमा

“ताई, राग मानू नका, पर तुमची पोरगी आवाजाकडं वळत न्हाई. एकदा डाक्टरला दाखवा.”

शंकरप्पा मामा असं म्हणाले तेव्हा मी दोरीवरची दुपटी काढत होते. मी हसले. “मामा, ती शांत आहे हो. माझ्यावर गेली नाही, एवढंच,” असं म्हणून दुपट्यांचा ढीग उराशी धरला आणि आत आले. दार जरा जोरातच लावलं.

उत्पला तेव्हा आठ महिन्यांची होती. तिच्यासाठी मी एक वही केली होती. कधी किती दूध प्यायली, ताप किती, कुठली लस कोणत्या तारखेला, सगळं त्यात होतं. नांदेडला बी.ए. करताना मानसशास्त्राच्या पुस्तकात बालविकासाचं एक प्रकरण होतं, ते फाडून त्याच वहीत चिकटवलं होतं. पाण्यात आधी तुरटी फिरवायची, मग ते चार पदरी फडक्यातून गाळायचं, मग वीस मिनिटं उकळायचं. आमचे हे म्हणायचे, “एवढी तपासणी तर आमच्या ऑफिसात कुठल्याच कागदाची होत नाही.” घरात माशी शिरली तरी मला कळायचं. आणि घरमालक येऊन सांगतात, तुझ्या लेकीत काही कमी आहे आणि ते तुला दिसलेलं नाही!

ह्यांना लातूरला येऊन वर्ष होत आलं होतं. मी बाळंतपण उरकून, तीन महिन्यांची उत्पला घेऊन मागून आले. जिल्हा नवा झाला म्हणून नांदेडहून ह्यांची बदली झाली होती. जुन्या जिल्ह्याच्या फायली ट्रक भरभरून आल्या होत्या आणि कित्येक आठवडे व्हरांड्यात पोत्यांतच पडून होत्या. गावात जिकडेतिकडे नव्या पाट्या, नवे शिक्के, नवे साहेब. पाणी तेवढं नव्हतं. पाऊस दोन वर्षं नुसता तोंड दाखवून गेलेला. गल्लीत दुपारी टँकर यायचा. कोपऱ्यावर वळताना ड्रायव्हर लांबलचक भोंगा द्यायचा, की बायका घागरी घेऊन पळत सुटायच्या आणि झोपलेली सगळी लेकरं दचकून एकदम रडायला लागायची.

माझी उत्पला सोडून. ती झोपलेलीच असायची. रांगेतल्या बाया म्हणायच्या, “नशीबवान हाईस माय. किती गुणाचं लेकरू!” आणि मी दोन्ही घागरी भरून येईपर्यंत फुललेली असायचे.

खोल्या शोधताना तीन घरांत आडनाव विचारलं गेलं. ते सांगितल्यावर दोन घरांत खोली कालच गेलेली निघाली आणि तिसऱ्या घरी पाहुणे यायचे होते. चौथं घर शंकरप्पांचं. त्यांनी एकच विचारलं, “सिनेमा बघता का?” हे म्हणाले, “मी नाही, पण मंडळी बघतात.” त्यावर त्यांनी लगेच चावी काढून ह्यांच्या हातावर ठेवली.

ते मूळचे निलंग्याचे. तीस वर्षं फिरत्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. निलंगा, मुरुड, उदगीर, जिथं जत्रा तिथं त्यांचा तंबू. सिनेमा इंग्रजी असला की मशीन चालवता चालवता हेच हातात माइक घ्यायचे आणि पडद्यावर काय चाललंय ते लोकांना आपल्या बोलीत सांगायचे. आता घरीच असायचे. त्यांच्या बायकोला, बसम्मामामींना, बोलताना मध्येच कानडी सुटायची. त्या उत्पलाला ‘बंगारा’ म्हणायच्या, म्हणजे सोनं. मूलबाळ नव्हतं. दुपारी मामी तिला मांडीवर घेऊन ओट्यावर बसायच्या, मामा समोर, मी उंबऱ्यात, आणि मग मेजर रॉलिन्स निघायचा.

मेजर रॉलिन्स हा विलायती गुप्तहेर. त्याच्यावर त्या लोकांनी ओळीनं डझनभर तरी सिनेमे काढले होते. आमच्याकडे ते पाच-सहा वर्षं शिळे होऊन यायचे, पडद्यावर रेघांचा पाऊस घेऊन. मी नांदेडला कॉलेजात असताना रविवारी सकाळच्या खेळाला भावाबरोबर त्यांतले दोन पाहिले होते. मामांनी नेमके तेच दोन असंख्य वेळा चालवलेले. इंग्रजी नावं कुणाला लक्षात राहणार? तंबूतल्या लोकांनी एकाला भिंतीचा सिनेमा म्हटलं आणि दुसऱ्याला बर्फाचा.

भिंतीच्या सिनेमातला रॉलिन्स वयस्कर, टक्कल पडत आलेला. तो सगळा वेळ एका हॉटेलच्या खोलीत असतो. भिंतीला काचेचा पेला लावून पलीकडचं बोलणं ऐकतो. कुणाच्या बुटाचा आवाज कसा, कोण खोकतं, कोणतं दार करकरतं, यावरून तो मारेकरी कोण ते ओळखतो. बर्फाच्या सिनेमात रॉलिन्स तोच, पण नट दुसरा. तरुण, रुंद खांद्याचा, बोलायला जवळजवळ नाहीच. बर्फाच्या डोंगरात पावलांचे ठसे बघत बघत शत्रूच्या मागावर जातो.

“उदगीरला लोकांनी गोंधळ केला होता बघा,” मामा सांगत. “‘हा आपला रावलिन न्हाई, पैसे परत द्या’ म्हणून. मग म्या माइकवर सांगितलं, मंडळी, जुन्या साहेबाची बदली झाली, हा नवा साहेब त्याच्या टेबलावर आलाय. मग बसले गपगुमान.”

माझं मत भिंतीच्या बाजूनं होतं. “मामा, त्यात डोकं आहे. बर्फाच्या सिनेमात काय, नुसतं पळायचं.”

“पळायचं? अहो, तो बघतो कसा ते बघितलाव का तुम्ही? मोडलेली काडी बघतो. सांडलेलं बर्फ बघतो. तुमचा भिंतीवाला आंधळा असता तरी चाललं असतं.”

“आणि तुमचा बर्फावाला बहिरा असता तरी चाललं असतं!” मी म्हटलं.

“हाव, चाललं असतं,” ते म्हणाले. “काय बिघडलं?”

मामी हसायच्या. “अय्यो, ह्या दोघांच्या भांडणात माझं बंगारा उपाशी मरंल. आधी दूध द्या तिला.”

मामांनी मला तो इशारा दिला आणि मी हसून दार लावलं, त्यानंतर आठवडाभर मी दुपारी ओट्यावर गेले नाही. पण आत बसूनही मला चैन पडेना. उत्पला पाळण्यात असली की मी मागून हळूच टाळी वाजवायचे. ती कधी वळायची, कधी नाही. वळली तर ऐकलं म्हणून, की माझी सावली हलली म्हणून? नाही वळली तर खेळात गुंग म्हणून? मी वहीत ‘टाळी’ असं लिहून पुढे बरोबर आणि चूक अशा खुणा करायला लागले. मग ते पानच फाडून टाकलं.

आठव्या दिवशी मी पुन्हा उंबऱ्यात जाऊन बसले. मामांनी त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. मीच भांडण उकरलं. “बर्फाच्या सिनेमात डोकं नाही म्हणते, पण शेवट चांगला आहे हं. तो वादळात वाट चुकतो, दिसत काही नाही, आणि त्यातली लाल कोटवाली हिरॉईन लांबून शिट्टी घालते. त्या शिट्टीच्या रोखानं तो चालत जातो. माझ्या अंगावर काटा आला होता.”

मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. “शिट्टी? कसली शिट्टी?”

“ती नाही का, दोन बोटं तोंडात घालून...”

“ती तर हात फुंकून राहिली होती. थंडीनं.”

“नाही मामा, शिट्टी घालते ती. तीनदा. तो पहिल्यांदा मान वळवतो, मग त्याला लाल कोट दिसतो.”

बसम्मामामींचा हात उत्पलाच्या पाठीवर थोपटता थोपटता थांबला. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको, अशी. पण मी बोलून चुकले होते.

मामा म्हणाले, “मुरुडच्या जत्रेत लोक लई हसले होते. म्या माइकवर म्हणलं, ‘बघा बिचारी, थंडीनं हात फुंकूलाली.’ सगळा तंबू हसला. मला वाटलं, तिच्या लाल कोटाला हसूलालेत.” ते स्वतःशीच थोडं हसले. “म्हणून पुढल्या जत्रेला मालकानं बोलावलं न्हाई. म्या म्हणलं, काय चुकलं आपलं?”

तेव्हा मला सगळं दिसलं. पाच महिने मी त्यांच्याशी रोज बोलत होते. ते नेहमी माझ्या समोर बसायचे, कधी बाजूला नाही. मी पाठमोरी असताना काही विचारलं तर उत्तर मामी द्यायच्या. त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांवर नसायचे, ओठांवर असायचे. तीस वर्षं तंबूमागच्या डिझेल इंजिनाजवळ आणि मशीनच्या खडखडाटात काढलेली. सगळ्यांवर लक्ष ठेवणारी मी, आणि मला हे दिसलं नव्हतं.

“मामा, तुम्हाला...”

“जाड आवाज येतात थोडे. बारीक न्हाई येत. कुणाला सांगितलं न्हाई, काम जाईल म्हणून. तरी गेलंच.” मग त्यांनी बोट उत्पलाकडे केलं. “ती बी माझ्यावानीच बघते ताई. माणसाच्या तोंडाकडं. लहान लेकरं असं बघत न्हाईत. एवढं लक्ष देऊन बघायची त्यांना गरज पडत न्हाई.”

या वेळी मला हसता आलं नाही.

त्या आठवड्यात माझ्या सासूबाई मुरुडजवळच्या गावाहून आल्या होत्या. सरजाबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्याबाई म्हणते. संध्याकाळी मी ह्यांना सांगत होते, ते त्यांनी ऐकलं.

“कोण म्हणलं? त्यो सिनेमावाला?” आत्याबाई उसळल्या. “तुम्ही शिकलेल्या पोरी! पुस्तक वाचायचं आन् भ्यायचं. आणा इकडं ताट.”

उन्हाळा असल्यामुळे उत्पलाला आम्ही नुसत्या शहाबादी फरशीवर बसवायचो, गारवा म्हणून. ती डबा-चमचा घेऊन बसली होती. आत्याबाई तिच्या मागं उकिडव्या बसल्या. पितळेचं ताट फरशीवर उभं धरलं आणि उलथन्यानं जोरात ठोकलं.

उत्पला गर्रकन वळली.

पुन्हा तिचं लक्ष डब्यात जाऊ दिलं आणि पुन्हा ठोकलं. पुन्हा वळली! ह्यांनी तिला उचलून वर उडवलं. मी भिंतीला टेकून खालीच बसले. आत्याबाईंनी सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. “घ्या. बहिरी म्हणे! माझ्या नातीला खुट्ट झालेलं कळतंय.”

मी वही उघडली आणि त्या दिवसाच्या तारखेखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘ऐकू येतं.’ खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांना सांगायला गेले. खरं सांगते, त्यात थोडा तोराही होता. ताटाची गोष्ट ऐकून, म्हणजे बघून, ते आनंदले नाहीत. त्यांनी विचारलं, “ताट कुठं धरलं होतं?”

“फरशीवर.”

“आन् पोरगी?”

“तीही फरशीवरच.”

मामा उठले. पायातल्या वहाणा काढल्या. ओट्याच्या फरशीवर आमच्याकडे पाठ करून अनवाणी उभे राहिले. “बसम्मा, ताट आण. खाली टेकवून वाजव. मनाला येईल तेव्हा वाजव.”

मामींनी ताट फरशीवर टेकवून ठोकलं. मामांनी एक बोट वर केलं. मामी थांबल्या, मग दोनदा ठोकलं. दोन बोटं. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. “येतंय की ह्येनला बी ऐकू!”

“आता उचलून धर,” मामा पाठमोरेच म्हणाले. “हातात. फरशीला लागू देऊ नको.”

मामींनी ताट हवेत धरलं आणि ठोकलं. टण्णकन आवाज झाला, समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. मामांचा हात खालीच होता. पुन्हा ठोकलं. हात खालीच. ते शांतपणे उभे होते, वाट बघत.

“वाजवलं का गं?” त्यांनी विचारलं.

बोलून उपयोग नव्हता, त्यांची पाठ होती.

मग ते वळले आणि आमचे चेहरे बघून त्यांना कळलं. “मशीनचं पण असंच,” ते मला म्हणाले. “कान गेल्यावर म्या आठ वर्षं मशीन चालवली. हात ठेवून. पट्टी सैल झाली, चाक घासूलालं, सगळं तळहाताला कळायचं. फरशी बी सांगते ताई. तळपायाला सांगते. पोरीला फरशीनं सांगितलं, कानानं न्हाई.”

मी आत गेले आणि उत्पलाला घेऊन आले. मामींनी ओट्यावर जाड गोधडी चौपदरी घातली आणि तिला मांडीवर घेऊन बसल्या. उत्पला त्यांच्या पोलक्याच्या बटणाशी खेळायला लागली. ताट माझ्या हातात होतं, पण मला ते उचलवेना. आत्याबाईंनी ते माझ्या हातातून घेतलं, उत्पलाच्या डोक्यामागं हातभर अंतरावर हवेत धरलं आणि ठोकलं.

उत्पला बटण ओढत राहिली.

आत्याबाईंनी आणखी जोरात ठोकलं. मामींचे डोळे मिटले. उत्पलाला बटण निघत नव्हतं म्हणून ती वैतागली होती, एवढंच.

आत्याबाई ताट खाली ठेवायला वाकल्या, पण ठेवताना त्याचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी ते पदरात धरून हळूच टेकवलं. का ते माहीत नाही. मग म्हणाल्या, “नांदेडला तुझ्या माहेराजवळ मोठा डाक्टर हाय म्हणतात कानाचा. कपडे भर. म्या बी येते. माझ्याच हातानं माझी फसगत झाली.”

वहीत आदल्या दिवशी मारलेल्या दोन रेघा मी तशाच ठेवल्या. अजून आहेत.

नांदेडच्या डॉक्टरांनी तिला एका खोलीत बसवलं, मागून घंट्या वाजवल्या, शिट्ट्या वाजवल्या, खुळखुळे वाजवले. मग म्हणाले, “पूर्ण बहिरी नाही. जाड आवाज थोडे पोचतात. यंत्र लावावं लागेल, आणि तुम्हाला तिच्याशी दिवसभर बोलावं लागेल, समोर बसून. लवकर आणलंत. लोक तीन-चार वर्षांची झाल्यावर आणतात, बोलत नाही म्हणून. तुम्हाला कसं कळलं?”

“आमच्या घरमालकांना कळलं,” मी म्हटलं. “ते सिनेमाचे ऑपरेटर आहेत.”

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. मी काही समजावून सांगितलं नाही. मला रडू आवरायचं होतं.

यंत्र म्हणजे काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी. ती छातीवर अडकवायची आणि तिची वायर कानात. बसम्मामामींनी उत्पलाच्या सगळ्या झबल्यांना पुढे खिसे शिवून दिले. पहिले चार दिवस ती वायर उपटून फेकायची. मी पुन्हा लावायचे. पाचव्या दिवशी दुपारी तिला कडेवर घेऊन मी टँकरच्या रांगेत उभी होते. कोपऱ्यावरून भोंगा आला. गल्लीतली सगळी लेकरं रडायला लागली, आणि माझ्या कानाजवळ आणखी एक लेकरू भोकाड पसरून रडायला लागलं.

घागर माझ्या हातातून सुटली आणि गडगडत गटाराकडे गेली. पुढची बाई म्हणाली, “अगं बाई, आज काय झालं हिला? रोज तर किती गुणाची असते!”

मी हसत होते आणि रडत होते. घराकडे बघितलं तर मामा ओट्यावर उभे होते. त्यांना भोंगा ऐकू आलेला नव्हता, पण उत्पलाचं उघडं तोंड लांबून दिसत होतं. त्यांनी हातानंच विचारलं, वाजला? मी मान डोलावली. त्यांनी आत वळून मामींना हाक मारली.

त्या दुपारी आमच्या दोन सिनेमांचं भांडण मिटलं. म्हणजे मी माघार घेतली. मी म्हटलं, “मामा, तुमचाच बर्फावाला मोठा. बघून बघून वाट काढतो.”

“न्हाई ओ,” ते म्हणाले. “मोठा कोण ते सोडा. एकानं ऐकलं, एकानं बघितलं. दोघंबी घरी पोचले, न्हाई का? आपल्याला तेवढंच बघायचं.” मग म्हणाले, “पर ती शिट्टी नसती ना, तरी त्याला लाल कोट दिसलाच असता. जरा उशिरा दिसला असता.”

मी ते मनावर घेतलं. लातूरच्या बाजारातून दोन लाल साड्या आणल्या, एक आधीची होती. खोलीत शिरताना दारातच थांबून आधी हात हलवायचा, मग आत यायचं, म्हणजे उत्पला दचकत नाही. लाल रंग तिला लांबूनही दिसायचा. आत्याबाई पुढच्या वेळी आल्या तेव्हा म्हणाल्या, “रोज लालच? नवी नवरी हाईस का?” मी कारण सांगितलं. त्यानंतरच्या खेपेला त्या स्वतः लाल लुगडं नेसून एस.टी.तून उतरल्या.

या सगळ्याला आता पाच वर्षं झाली. उत्पलाच्या शाळेसाठी ह्यांनी मागून बदली घेतली आणि आम्ही नांदेडला परत आलो. ती ‘आई’ म्हणते, ‘पाणी’ म्हणते, भांडते तर फारच स्पष्ट. गेल्या वर्षी बसम्मामामी गेल्या. आम्ही गेलो होतो. त्यानंतर लातूरच्या घरात मामांना करमेना, म्हणून ते निलंग्याला त्यांच्या जुन्या खोलीत राहायला गेले. एकटेच.

मी दर पंधरा दिवसांनी त्यांना कार्ड टाकते. त्यांचं उलट टपाली यायचं. कार्डावर उत्पलासाठी पेन्सिलीनं काढलेले छोटे छोटे चौकोन, रिळाच्या पट्टीसारखे, आणि प्रत्येकात लाल शाईनं एक बाई, पहिल्या चौकोनात लांब, मग जवळ, मग अगदी जवळ. गेल्या दीड महिन्यात माझी तीन कार्डं गेली. एकाचंही उत्तर नाही.

यंदा पुन्हा पाऊस नाही. निलंग्यात टँकर सुरू झालेत असं पेपरात आलंय. टँकर आला की भोंगा देतात. भोंगा वाजला हे मामांना सांगायला आता घरात मामी नाहीत, हे मला दिवसभर दिसत राहतं. ह्यांना टंचाईच्या कामात रजा नाही. उत्पलाला गोवर उठलाय, तिला सोडून मला हलता येत नाही. मामांच्या शेजारी कुणाकडे फोन नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणी निलंग्याचं असेल, किंवा कामानिमित्त त्या वाटेनं जाणार असेल, तर एवढं करा. बसस्टँडच्या मागं पिठाची गिरणी आहे, तिच्या बोळात शेवटचं निळं दार. कडी वाजवू नका, हाकाही मारू नका. उंबऱ्याच्या आतली फरशी एकसंध आहे. दार नुसतं लोटलेलं असतं, ते थोडं ढकला आणि त्या फरशीवर पाय दोनदा आपटा. मग दारातच थांबा, म्हणजे ते बघतील. तोंड त्यांच्याकडे करून सावकाश बोला. घागरीत पाणी आहे का ते बघा. नांदेडची पंचशीला, उत्पलाची आई, विचारत होती म्हणून सांगा.

आणि जाताना अंगावर काही लाल असेल, तर फार बरं होईल.